रिकामं क्रेट

“आधी वजन बगा, राव!” मुलांच्या मागे उभं राहून, डावा खांदा खाली टाकत मामा हे वाक्य फेकायचे. मामा म्हणजे आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबचे शिपाई, राहणार निमगाव सावा. त्याआधी त्यांची बरीच वर्षं नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची क्रेट उचलण्यात गेली होती.

दोन हजार सालानंतर आमच्याकडे अ‍ॅनिमेशनचा कोर्स निघाला आणि पुण्यात सहा महिन्यांचा क्लास केलेला मी एकदम सर झालो. खरं सांगतो, मला बटणं ठाऊक होती. माणूस कसा चालतो, ते नव्हतं.

एकदा मुलांनी पडद्यावर क्रेट उचलणारा गडी केला. मामांना हसू आवरेना. “ह्यो क्रेट उचलतोय का कापूस?” मग कुठूनसं एक रिकामं क्रेट आणून त्यांनी ते भरलेलं असल्यासारखं उचललं. आधी गुडघे वाकले, मग दम कोंडला, हात सगळ्यात शेवटी. मानेची शीर टरारली. राजुरीची एक मुलगी तर हात द्यायलाच धावली!

त्या दिवसापासून मुलं आधी व्हरांड्यात मामांच्या मागे चालायची आणि मग माऊसला हात लावायची. वर्षभरात त्यांची पडद्यावरची माणसं जमिनीला पाय टेकून चालू लागली.

विद्यापीठाची कमिटी यायची होती. मामांनी हळूच विचारलं, “सर, सायबांना येक डाव उचलून दावू का? तुमी नुसतं म्हणा, पोरांना ह्यानं शिकवलं.”

मी म्हटलं, “बघू.” आपल्याकडचं ‘बघू’ तुम्हालाही ठाऊक आहे. मामांनी ते खरं धरलं. त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, क्रेटही धुऊन ठेवलं.

मुलांचं काम पाहून एक साहेब खूश झाले. “ही पद्धत कुणाची?”

मामा दारातच उभे होते. मी म्हणालो, “माझीच, सर.” आणि वर, “मामा, चहा आणा.” आजही हे लिहिताना मान खाली जाते.

चहा आला. “घ्या, सर,” एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी क्रेट लॅबमध्ये नव्हतं. मुलं बोलवायला गेली की म्हणायचे, “सर हायेत की.” माफी मागायला मी दोनदा त्यांच्या स्टुलापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा झेरॉक्सचं काम सांगून परत आलो.

ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषण मीच केलं. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल बोललो, चहाबद्दलही बोललो. क्रेटचं नाव काढलं नाही.

नंतर ते पिशवी घेऊन गेटकडे निघाले. डावा खांदा खाली, गुडघे वाकलेले. माझ्याशेजारी खिडकीत उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं, “सर, मामांना एवढं जड काय दिलंत?”

शाल आणि नारळ. पिशवी मीच भरली होती.