पगार मॅडमचा व्हरांडा

म्हाताऱ्या माणसांचं नर्सिंग करणाऱ्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते साठतच जातात. ड्यूटी संपवून घरी आले की हात धुवायच्या आधी मी सांगायला सुरुवात करते, "अगं, आज काय झालं माहितीये?" घरचे विचारतात, "तू तिथं काम करतेस की गप्पा मारतेस?" आता काय सांगू! आमच्याकडे गप्पा हेच निम्मं काम असतं.

मखमलाबादच्या बाजूला एका वृद्ध-सेवा केंद्रात मी सिस्टर इनचार्ज आहे. एका अंगाला द्राक्षबाग, दुसऱ्या अंगाला गुलाबाचं शेत आणि मधे आमची बैठी इमारत. तिला लांबलचक व्हरांडा आहे. थंडीत दुपारचं ऊन त्यात असं काही येऊन पडतं, की आजी-आजोबा, स्टाफ, मांजर, सगळे एकदमच पेंगायला लागतात. खरं सांगायचं तर यातले काही किस्से घडत होते तेव्हा मी पूर्ण जागी होते की नाही, हे मला आता छातीठोक सांगता येणार नाही!

*

आमच्या मेट्रनचं आडनाव पगार. आमच्या जिल्ह्यात या आडनावाचं कुणाला काही वाटत नाही. पण मुंबईहून एक नवी सिस्टर आली होती. तिला पहिल्याच दिवशी मी सहज म्हटलं, "इथं पगार रोज सकाळी येतात हं."

ती हरखून म्हणाली, "रोज? मी तर महिन्याचं धरून चालले होते!"

*

एकदा संस्थेने आमच्यासाठी लीडरशिप ट्रेनिंग ठेवलं. नर्सने नुसत्या ऑर्डर पाळायच्या नाहीत, पुढाकार घ्यायचा, निर्णय घ्यायचे, असं हल्ली सगळीकडे बोललं जातं. ते बरोबरच आहे. त्यासाठी एक सर आले. कडक इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉप, प्रोजेक्टर. वेळ नेमकी जेवणानंतरची, आणि जागा? व्हरांडा!

सर म्हणाले, "आधी एक छोटी एक्सरसाइज करू. सगळ्यांनी डोळे मिटा. एक शांत जागा डोळ्यांसमोर आणा. खोल श्वास घ्या."

आम्ही डोळे मिटले. पहाटेपासून उभ्या असलेल्या बायका आम्ही! मला एक तळं दिसलं, त्यावर धुकं दिसलं, काठावर कुणीतरी वाळत घातलेली पिवळी साडी दिसली. सरांचा आवाज हळूहळू त्या तळ्यापलीकडून यायला लागला. मग तोही थांबला.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. पगार मॅडम खुर्चीत मान टाकून गाढ झोपलेल्या. मागच्या रांगेतल्या सगळ्या सिस्टर एकमेकींच्या खांद्यावर. प्रोजेक्टर बंद. सर गायब!

मी घाबरून मॅडमना उठवलं. बाहेर जाऊन बघतो तर सर पायरीवर बसून आमच्या आजोबांना मोसंबी सोलून देत होते. आम्हाला बघून तोंडावर बोट ठेवून हळूच म्हणाले, "अजून कुणी झोपलं असेल तर उठवू नका."

मॅडमनी ट्रेनिंगचा अभिप्राय कळवला, "अत्यंत उपयुक्त. दर आठवड्याला ठेवावं."

*

सटाण्याचे तात्या आमच्याकडे आले ते एक अक्षर न बोलता. कांद्याचा मोठा व्यापार केलेला माणूस. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, पण डॉक्टर म्हणत होते की बोलता यायला हवं. तात्या बोलत नव्हते. आम्ही गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, चित्रांची कार्डं दाखवून पाहिली. तात्या छताकडे बघत राहायचे. मुलगा भेटून जाताना रोज फाटकापाशी डोळे पुसायचा. "सिस्टर, बाबांचा आवाज पुन्हा ऐकायला मिळेल का हो?"

आमची रोहिणी सिस्टर त्याच भागातली. एका दुपारी ती तात्यांच्या ड्रिपकडे लक्ष ठेवत बसली होती आणि आईचा फोन आला. रोहिणी आमच्याशी साधं मराठी बोलते, पण आईशी अहिराणीच. ती सांगत होती, "माय, वांगानी भाजी करी, पन चव नही उनी."

तात्यांच्या कॉटवरून खर्जातला आवाज आला, "कूट टाक, पोरी! कूट बिगर वांगं काय लागस!"

रोहिणीच्या हातातून फोनच पडला. पलीकडून तिची आई ओरडत होती, "हाऊ कोन बोली राह्यना व?"

त्या संध्याकाळी मुलगा आला. तात्यांनी त्याला जवळ बोलावलं. आम्ही सगळ्या दारात श्वास धरून उभ्या. इतक्या दिवसांनी बाप मुलाशी काय बोलणार!

तात्या म्हणाले, "ती पोरले घरनं वांगं आनी दे."

*

पण सगळ्यात मोठा प्रसंग आला तो गार्डकाकांमुळे. गार्डकाका इगतपुरीचे, पॅसेंजर गाडीवर गार्ड होते. आता आठवणी विस्कटल्या आहेत. दुपारचा चहा झाला की टोपी घालायची आणि फाटकाकडे निघायचं. "माझी गाडी आहे."

आम्ही समजवायचो, "काका, तुम्ही रिटायर झालात." त्यांना ही बातमी दर वेळी नव्याने कळायची! चेहरा असा पडायचा की बघवत नसे. कधी चिडायचे, कधी रडायचे. आणि एके दिवशी कुणाचं लक्ष नसताना निघूनच गेले. आम्ही शोधून हैराण. शेवटी शेजारच्या बागेतला माणूस त्यांना हाताला धरून घेऊन आला. काकांच्या खिशात द्राक्षं आणि बुटाला चिखल!

संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "उद्यापासून फाटकाला कुलूप. जबाबदारी कोण घेणार?"

पगार मॅडम म्हणाल्या, "मी. मला थोडे दिवस द्या."

मॅडमचा एक क्लास असतो, दर सोमवारी दुपारी. नर्सिंगमधलं नवीन काय वाचलं ते त्या आम्हाला सोप्या मराठीत सांगतात. म्हाताऱ्या माणसाला ओढून आपल्या जगात आणू नका, त्याच्या जगात दोन पावलं जाऊन बघा, हे त्यांचं नेहमीचं. आता त्यांनी तेच करून दाखवलं. फाटकाजवळ सावलीत एक बाक ठेवला. काका टोपी घालून आले, तेव्हा मॅडम त्या बाकावर आधीच बसलेल्या.

"माझी गाडी आहे," काका म्हणाले.

"लेट आहे, काका."

"किती?"

"अजून अनाउन्समेंट नाही."

काकांनी लांब रुळांकडे बघावं तसं गुलाबांकडे बघितलं, मान हलवली आणि बाकावर बसले. "मग बसू या. घाटात धुकं असेल."

तेव्हापासून रोज गाडी लेट आणि रोज आमच्यातलं कुणीतरी त्यांच्या शेजारी. काका बाहेर गेले नाहीत, पण अध्यक्षांना पटेना. ते स्वतः कुलूप घेऊन आले! मॅडम एवढंच म्हणाल्या, "साहेब, आधी थोडा वेळ बाकावर बसा."

काकांनी त्यांना जागा करून दिली. "कुठं जायचंय?"

"मीटिंगला," अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले.

"ती गाडी इथं थांबत नाही," काकांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "टेकून बसा जरा."

अध्यक्ष टेकून बसले. चहा झाला, दुसरा चहा झाला. कुठूनतरी बागेतल्या पाण्याच्या पंपाचा आवाज येत होता, गुलाब डुलत होते, आणि अध्यक्षांनी फोन खिशात घातला तो काढलाच नाही. अंधारायला लागलं तेव्हा उठले. कुलपाचा विषय काढावा की काढू नये, या विचारात मी होते.

तेवढ्यात अध्यक्षच म्हणाले, "सिस्टर, उद्या किती लेट आहे?"

*

एकदाच गडबड झाली. एका बदली सिस्टरने काकांना सांगून टाकलं, "आज गाडी कॅन्सल!"

काका उभे राहिले. "प्रवाशांना सांगितलं का?"

कुणी काही बोलायच्या आत ते आत गेले आणि टोपी हातात घेऊन प्रत्येक कॉटपाशी थांबून माफी मागू लागले. "आजची गाडी रद्द आहे. गैरसोयीबद्दल क्षमा असावी."

मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या ताराबाई म्हणाल्या, "मी वर तक्रार करणार आहे!"

पलीकडच्या कॉटवर फुलवाल्या सखूआक्का उशी कुशीत घेऊन पडल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई. माझं कुठं आवरलं हाय अजून!"

*

या सखूआक्कांचं सगळं आयुष्य झेंडूच्या शेतात आणि फुलबाजारात गेलं. आता नजर गेली आहे, बोटंही वाकडी झाली आहेत. दुपारी रोहिणी तेल कोमट करून त्यांचे हात चोळून देते. नुसत्या स्पर्शानेही माणसाची बेचैनी कमी होते, हे सोमवारच्या क्लासमधलंच. आक्कांना हात चोळता चोळता झोप लागते आणि झोपेत त्यांची बोटं हलायला लागतात. एक बोट पुढे, एक मागे. रोहिणीने बरेच दिवस बघितलं आणि एकदा हळूच त्या बोटांत झेंडूचं फूल ठेवलं. मग दोरा. मग बोथट सुई.

आक्का हार ओवायला लागल्या. डोळे मिटलेले, श्वास संथ! वाकड्या बोटांतून पिवळी-केशरी माळ मांडीवर उतरत होती आणि आम्ही सगळ्या कामं सोडून बघत उभ्या. झोपेतच त्या गिऱ्हाइकाशी बोलत होत्या, "ताजी हायेत, दादा. हात लावू नगंस, नुसती बघ."

तेवढ्यात आमचे तरुण डॉक्टर राउंडला आले. त्यांनी आक्कांची नाडी बघायला मनगट धरलं. आक्कांनी डोळे न उघडता त्यांचाच दंड चाचपला आणि म्हणाल्या, "लय बारीक हाय नवरदेव. छोटा हार पुरंल!"

डॉक्टरांचं लग्न त्याच महिन्यात ठरलं होतं. आम्हाला ते कुणालाच माहीत नव्हतं.

*

ताराबाईंचं मात्र वेगळंच. त्यांच्या लेखी हे केंद्र म्हणजे शाळा, आम्ही सगळ्या शिक्षिका आणि पगार मॅडम नव्याने लागलेल्या. सोमवारच्या क्लासला त्या मागे खुर्ची टाकून बसतात आणि शेवटी शेरा देतात, "आवाज चांगला आहे. मुलांकडे बघून बोलत जा."

मधे मॅडमना पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं. मोठी पोस्ट, हाताखाली मोठा स्टाफ. आम्हाला कळलं तेव्हा जेवण गेलं नाही. अडवणार कोणत्या तोंडाने? एका दुपारी मॅडम ताराबाईंच्या पायांशी जाऊन बसल्या. मी औषधं वाटत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"बाई, मला दुसऱ्या शाळेत बोलावलंय. जाऊ का?"

"मधेच? वर्ग कुणाकडे सोपवणार?"

"मधेच नाही. वर्ष संपल्यावर. ही मुलं पास झाली की."

ताराबाईंनी चष्मा सारखा केला आणि व्हरांड्यावरून सावकाश नजर फिरवली. तात्या तोंड उघडं टाकून झोपलेले. सखूआक्का झोपेत हार ओवताहेत. गार्डकाका टोपी मांडीवर घेऊन पेंगताहेत. एका खांबाला टेकून रोहिणीचाही डोळा लागलेला.

ताराबाई म्हणाल्या, "ही पास होतील असं तुला वाटतं?"

मॅडम इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. पुण्याला त्यांनी 'येणार नाही' असं कळवलं.

*

आता शेवटचं सांगते. हे मी फार कुणाला सांगत नाही.

यंदाच्या जानेवारीतली सकाळ. मी राउंड घेत होते. "झोप कशी लागली?" हे मी सगळ्यांना विचारते. पुरुषांच्या बाजूला तात्या उठून बसलेले, चेहरा ताजातवाना. म्हणाले, "झोप चांगली लागनी. रातभर नावमा बसेल व्हतू." स्वप्नात ते नावेत बसले होते. पाणी एकदम संथ, वर धुकं. मी हसले आणि पुढे गेले.

बायकांची बाजू इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. तिथली दारं अजून उघडायची होती. मी आत गेले तर सखूआक्का म्हणाल्या, "सिस्टर, आज लय लांब जाऊन आले बघ. होडीतनं."

मी थबकले. "कोण होतं बरोबर?"

"आपलीच समदी. पाण्याला गुलाबाचा वास येत व्हता."

ताराबाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी वेणी घालत बसल्या होत्या. मी त्यांना काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं, "बाई, झोप कशी लागली?"

"झोप ठीक. होडीत मात्र गर्दी होती," त्या म्हणाल्या. "ती वल्ही मारणारी बाई शिस्तीची हं! कुणाला उभं राहू देत नव्हती. डोक्यावरून शाल घेतलेली, तोंड काही दिसलं नाही."

मी तशीच ऑफिसात गेले. पगार मॅडम नुकत्याच आल्या होत्या, स्वेटर घालून, टेबलाला टेकून उभ्या. मी धाप टाकतच सगळं सांगितलं, तात्यांची नाव, आक्कांचा गुलाबाचा वास, ताराबाईंची शालवाली बाई.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग उजवा हात डाव्या खांद्यावर नेऊन दाबला आणि कळ आल्यासारखे डोळे मिटले.

"खांदे भरून आलेत गं," त्या म्हणाल्या. "आणि निघताना तुला काठावरून किती हाका मारल्या! तू का नाही आलीस?"