मोत्याचा श्रावण

कुत्र्याची निगा कशी राखावी हे नातवंडं मला विचारतात, तेव्हा मी फक्त गोचिडांपुरतं बोलते. खाण्याबद्दल बोलायचा हक्क मी एक्कावन्न साली गमावला. त्या वर्षी मी आमच्या कुत्र्याला श्रावण पाळायला लावला.

ठाण्यात चरईला राहायचो आम्ही. घर मासे खाणारं, पण श्रावण कडक. सासूबाई तर त्या महिन्यात कोळणीच्या टोपलीकडे बघायच्यासुद्धा नाहीत. मी अठरा वर्षांची नवी सून, त्यांच्याहून चार पावलं पुढे जायच्या ईर्षेने पेटलेली. नेमके तेव्हा मामंजी आजारी भावाजवळ राहायला कल्याणला निघाले. मोत्या म्हणजे त्यांचा जीव.

"सूनबाई, पंधरा दिवस हा तुझ्या हवाली. आठवड्याला आंघोळ घाल, कानामागचे गोचीड तेल लावून काढ, पाणी सावलीत ठेव. आणि उपाशी ठेवू नकोस."

लग्नानंतर त्यांनी माझ्यावर सोपवलेलं हे पहिलं काम. आंघोळ, गोचीड, पाणी, सगळं चोख केलं. जेवणाचं मात्र मी धर्माने ठरवलं. एरवी मोत्या भातात माशाची डोकी खायचा, आता वरणभात. सोमवारी साबुदाण्याची खिचडी (दाण्याचं कूट सढळ हाताने, मुक्या जीवाला कमी करायचं नाही). मोत्याने खिचडी हुंगली, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तुळशीआड जाऊन झोपला. चार दिवसांत त्याच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. मामंजींना काय तोंड दाखवू, या विचाराने माझाही घास उतरेना.

"खाईल हो," सासूबाई म्हणाल्या. "नेमधर्माला आधी सगळेच कुरकुरतात."

आणि खरंच, पाचव्या दिवसापासून मोत्या सुधारला. ताटली तशीच राहायची, पण अंग भरलं, केसांवर तुकतुकी आली. दुपारी मात्र तासभर दिसायचा नाही (एकांतात बसत असेल, असं मी शेजारणींना सांगितलं). दोघीतिघी त्याला बघायला आल्या. एकीने हळदकुंकू लावलं.

मामंजी परतले तो सोमवार होता, दुपारची वेळ. मोत्या जागेवर नव्हता. हाका मारल्या, आला नाही. हरवला, असंच मी धरून चालले. हा माणूस आता जन्मात माझ्यावर काही सोपवणार नाही.

मामंजी चपलाही न काढता बाहेर पडले. मी मागोमाग. ते इकडेतिकडे न शोधता सरळ गल्लीच्या टोकाला, किरिस्तांव मेरीमावशीच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. तिथे आमचा व्रतस्थ मोत्या सुक्या बोंबलाच्या कालवणात नाकापर्यंत बुडाला होता. कपाळावर कुंकू तसंच.

"काय करू बाय?" मेरीमावशी मला म्हणाली. "रोज दुपारचा येतो न् दारात रडतो. मी बोलले, याला घरात कोन जेवायला देत नाय वाटतं."

मी अंगठ्याने जमीन उकरत राहिले. मामंजींनी मोत्याच्या बरगड्या चाचपल्या, कानामागे पाहिलं. परत येताना ते फाटकाशी थांबले, सासूबाई ओटीवर नाहीत याची खात्री केली आणि हळूच म्हणाले,

"सूनबाई, गोचीड छान काढलेस. ते दार मोत्याला गेल्या श्रावणात मीच दाखवलं. पुढच्या सोमवारी माझ्यापुरताही साबुदाणा भिजवू नकोस."