पाडव्याची नोंद

संध्याकाळी चहाला उठण्याआधी दिवसभराच्या कामाची नोंद गिटमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधला प्रत्येक बदल नाव-तारीख-वेळेसकट जपणाऱ्या कॉम्प्युटरच्या वहीत करायची, ही सवय मला दादानं लावली. दादा म्हणजे लॅबमधला माझा सीनियर, शिरोळकडचा. उसाच्या पानाचा फोटो बघून रोग ओळखणारा प्रोग्रॅम आम्ही दोघं मिळून लिहीत होतो. काही फोटो दाखवून त्याला शिकवायचं, मग न बघितलेले फोटो देऊन त्याची परीक्षा घ्यायची आणि मार्क द्यायचे. मी आळस केला की तो खेकसायचा, "काय बदललंस, का बदललंस, दोन वाक्यं लिही की! उद्या तुझं तुलाच कळायचं न्हाय." असला राग यायचा मला! पण लिहायचे.

गळिताच्या हंगामात, रस्त्यात दिव्याविना उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल आदळली. गेला. आदल्या दिवशीच म्हणाला होता, "प्रोग्रॅमला मार्क लई पडायला लागलेत. कुठंतरी घोळ हाय बघ." नंतर मी डोळे फुटेस्तोवर शोधलं, पण मला काही घोळ सापडला नाही.

त्याचा कॉम्प्युटर माझ्यापेक्षा बरा होता, म्हणून सरांनी तो मला दिला. मी लॅबमध्ये त्याच्याच जागेवर बसले आणि कामाला लागले. वर्ष उलटलं. प्रबंध द्यायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, "सगळ्या नोंदी काढ. कुणाचं काम किती, ते लिहावं लागेल."

यादी उघडली आणि सरांनी खुर्ची पुढं ओढली. दादा गेल्यानंतरच्याही प्रत्येक नोंदीपुढं त्याचंच नाव. मेलेला माणूस वर्षभर रोज संध्याकाळी काम करत होता.

मग डोकं ताळ्यावर आलं. कॉम्प्युटरवर नाव त्याचंच सेट होतं आणि मी गाढवीनं ते बदललंच नव्हतं. मी रोज आपली वाक्यं लिहून मोकळी व्हायचे, मागची यादी कधी उघडलीच नाही. सर म्हणाले, "एकेक नोंद वाच, तुझी असेल तर तुझ्या नावावर कर."

वाचत गेले. सगळी वाक्यं माझीच. दिवाळीच्या पाडव्याशी आले. वेळ दुपारी बारा दहा. 'एकाच पानाचे फोटो शिकवणीत बी हुते आणि परीक्षेत बी. वेगळं केलं. आता मार्क कमी पडतील. पडू देत की.'

हे मी लिहिलेलं नव्हतं. पाडव्याला मी घरच्यांबरोबर नृसिंहवाडीला दर्शनाच्या रांगेत होते. तिथला बारा वाजताचा फोटो अजून फोनमध्ये आहे. तशीच पळत खाली वॉचमनमामांकडं गेले.

"पाडव्याला?" मामा म्हणाले. "अगं, मेन स्विच बंद करून सगळ्या बिल्डिंगला कुलूप घातलं हुतं. चावी माझ्या खिशात. का गं पोरी, काय झालं?"

काय सांगणार, कपाळ! दिवाळीनंतर मार्क धाडकन पडले होते आणि मी मशीनला शिव्या घातल्या होत्या. आता कळलं, आधीचे मार्क फुटलेल्या पेपरचे होते. ती दुरुस्ती झाली नसती तर माझा सगळा प्रबंधच खोटा ठरला असता.

मी घाबरले, खोटं कशाला बोलू? भर दुपारी, शेजारच्या वर्गात पोरांचा दंगा चालू असताना, मला त्या खुर्चीत बसवेना. सर म्हणाले, "तूच केली असशील, विसरली असशील. करून टाक नावावर. नाहीतर परीक्षेत तेच धरून बसतील, डिग्री अडकेल." मी बाकीच्या सगळ्या नोंदी माझ्या नावावर केल्या. ती एक तेवढी ठेवली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "या कामातली सगळ्यात मोलाची दुरुस्ती ही. आणि हीच तुमच्या नावावर नाही?"

सरांनी माझ्याकडं बघायचं टाळलं.

"न्हाई सर," मी म्हणाले. "ती दादानं केली."

परीक्षकांनी प्रबंधाचं पहिलं पान उलटलं. तिथं मी दादाचं नाव आणि तो गेला ती तारीख लिहिली होती. ती त्यांनी वाचली, परत पडद्यावरची तारीख वाचली.

"पण ते तर याच्या आधीच वारले होते ना?"

"व्हय, सर."