टोपलीवाले

युनिक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला स्वतःची अक्कल शून्य. कमांड टाइप केली की ती कुठल्या फोल्डरांत शोधायची, हे आपणच क्रमाने सांगून ठेवायचं. त्या क्रमाला म्हणतात पाथ. जी आधी सापडेल ती चालणार, मग ती तुमची असो की कंपनीची.

आमच्या या गृहस्थांची हयात नोकऱ्या बदलण्यात गेली. छापखाना झाला, विमा कंपनी झाली, हवामानाची प्रयोगशाळा झाली. जातील तिथे पहिलं काम एकच, पाथमध्ये आपलं फोल्डर सगळ्यांच्या पुढे लावायचं. त्यात त्यांनी स्वतः लिहिलेली ‘आरएम’ नावाची कमांड असायची. खरी आरएम फाइल कायमची पुसते. यांची आरएम ती उचलून ‘टोपली’ नावाच्या फोल्डरात टाकायची. म्हणून जो तो त्यांना टोपलीवाले म्हणे. आवराआवरीची तऱ्हाही जगावेगळी! आधी झाडून सगळं टोपलीत, मग हवं तेवढं वेचून परत.

“कपाटाचंही हेच,” बायको म्हणायची. “अख्खा संसार पलंगावर!”

ती गेली त्याला वर्ष झालं. आजारपणात धाप लागायची, तरी लेकीसाठी थोडं थोडं बोलून रेकॉर्ड करून ठेवलं होतं तिने. लेकीला ते ऐकवेना. टोपलीवाले मात्र ऑफिसात रोज कानाला लावायचे. प्रयोगशाळा बंद पडली, तिथली मशीन पुसली गेली, तेव्हा त्या रेकॉर्डिंगची एकुलती एक प्रत तेवढी त्यांच्याबरोबर नव्या नोकरीत आली.

नव्या ऑफिसातल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “काका, इथे पाथमध्ये कंपनीची फोल्डरं आधी, आपलं शेवटी. नियम आहे.”

“बरोबर आहे तुमचं,” असं म्हणून टोपलीवाल्यांनी स्वतःच्या हाताने आपलं फोल्डर शेवटी नेलं. डोक्याला कळलं हो, पण बोटांना कोण समजावणार?

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. “बाबा, आईचं ते पाठवा ना. आता ऐकवेल मला.”

माणूस हरखून गेला. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच बसला. फायलींत नुसता खोकलाही होता, अर्धवट वाक्यंही होती. पोरीला खोकला कशाला ऐकवायचा? म्हणून नेहमीसारखं आरएम टाइप करून आधी सगळं टोपलीत टाकलं, आणि मग वेचायला टोपली उघडली. ती रिकामी. पाथमध्ये आधी कंपनीची आरएम सापडली होती, आणि तिने आपलं काम चोख केलं होतं. काय अवदसा आठवली या माणसाला, देव जाणे!

मॅडम दुपारभर त्यांच्या शेजारी बसून शोधत होत्या. शेवटी खाली मान घालून म्हणाल्या, “काका, तुमचं फोल्डर बॅकअपला अजून जोडलंच नव्हतं.”

घरी जाऊन त्यांनी लेकीला फोन केला. झाकपाक केली नाही, झालं ते सांगितलं.

“काय म्हणायची आई त्यात? तुम्ही तरी सांगा,” लेक म्हणाली.

शब्द न् शब्द त्यांना पाठ होता. “अगं, जेवलीस का? उशीर नको करत जाऊस,” ते बायकोसारखा हेल काढून म्हणाले.

“असं नाही बाबा. आई असं नव्हती म्हणत.”

त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. जरा हळू म्हणून पाहिलं. रोज ऐकलेला तो हेल काही केल्या गळ्यात येईना. लेक तिकडे हमसून रडायला लागली, आणि टोपलीवाले फोन धरून तेच वाक्य निरनिराळ्या सुरांत म्हणत राहिले.