साहेब लॉर्ड झाले तेव्हा

फिनेलचा वास आला की निजामाच्या काळातला जालन्याचा दवाखाना आठवतो. आई तिथं नर्स होती. छावणीतल्या म्हाताऱ्या इंग्रज साहेबांचा एकुलता मुलगा पटकीनं नुकताच गेला होता, आणि साहेबही तापानं तिथंच पडून होते.

मी आईचा डबा घेऊन गेले, तेव्हा विलायतेहून तार आली होती. साहेबांचे थोरले भाऊ, तिकडचे लॉर्ड, मूलबाळ नसताना वारले होते.

आई म्हणाली, "साहेब, आता तुमी लॉर्ड झालात. घराण्याचं नाव तुमच्याकडं आलं."

शेजारच्या, मुलाच्या रिकाम्या खाटेकडं बघत त्यांनी रडतच विचारलं, "किसके वास्ते, बाई?"

"मंग थोडं पाणी तरी प्या," आई एवढंच बोलली.

इतका मान मिळूनही साहेब रडतात, याचं मला तेव्हा नवल वाटलं. त्याच आठवड्यात ते गेले. त्यांच्यामागं कुणीच नव्हतं. शेकडो वर्षांचं ते घराणं आमच्या जालन्यात संपलं.