अठरा पॉइंट दोन व्होल्ट

प्रॅक्टिकलच्या जर्नलांचा गठ्ठा उचलला की हल्ली मी आधी आकडे बघतो. मी गोटीराम, नेरूळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातला लॅब असिस्टंट.

संघमित्रा मॅडम गेल्या वर्षापर्यंत आमच्या इलेक्ट्रिकल विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांचे वडील रबाळ्याच्या कारखान्यात फिटर. ते जळके रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, घरी आणायचे आणि ही पोर ते उघडून बसायची. सर्किट आधी कॉम्प्युटरवर चालवायचं, मग हातानं जोडायचं, आणि दोन्हींत फरक का पडला ते शोधायचं, यातच त्यांनी पीएचडी केली. सव्वीस वर्षं तेच शिकवतायत. पहिल्याच तासाला सांगतात, "फरक पडलाच नाही, तर समजा कोणीतरी खोटं बोलतंय."

पोरं माना डोलावतात आणि मागच्या वर्षीचं जर्नल उतरवतात.

गेल्या वर्षी प्रॅक्टिकलला बाहेरच्या परीक्षकानं जागृती नावाच्या मुलीला नापास केलं. अॅम्प्लिफायरचं तिचं रीडिंग १.७९ व्होल्ट, बाकी सगळ्यांचं १८.२. प्रयोगाच्या मॅन्युअलमध्येही १८.२. पोरगी रडत आली. "मॅडम, मी तीनदा जोडलं. तेवढंच येतं."

मॅडमनी मॅन्युअल पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सप्लायच बारा व्होल्टचा, मग अठरा येणार कुठून? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून! मॅन्युअल त्यांनीच अकरा वर्षांपूर्वी लिहिलेलं. टाइप करताना १.८२चं १८.२ झालं. तेव्हापासून प्रत्येक जर्नलात तोच आकडा. नालायकांनी कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनच्या प्रिंटवरसुद्धा तो बदलून घातलेला. आणि प्रत्येक पानाखाली मॅडमची सही.

"शी! न वाचताच सह्या ठोकल्या हो मी," त्या म्हणाल्या. स्वतःच्या सहीचीच त्यांना किळस आली.

प्राचार्य म्हणाले, "कॉलेजच्या मान्यतेची कमिटी येतेय मॅडम. एका मुलीसाठी कशाला टेन्शन घेता?" तरी मॅडमनी विद्यापीठाला लिहून दिलं, चूक माझी. जागृती पास झाली. मॅडमचं प्रमुखपद गेलं. नव्या मॅन्युअलात त्यांनी त्या आकड्याची जागा कोरी ठेवली.

यंदा पासष्ट जर्नलं आली. पासष्टांत १.७९. खाली जागृतीनं गेल्या वर्षी तिच्या जर्नलात लिहिलेलं वाक्यही जसंच्या तसं: तीन वेळा जोडून पाहिलं.

"गोटीराम, या प्रयोगाचं किट कितीजणांनी काढलं?" मॅडमनी विचारलं.

मी कपाट उघडून दाखवलं. "कोनीच नाय, मॅडम. मागच्या परीक्षेनंतर लावलेलं सील पन तसंच हाय."

मॅडमनी एकही सही न करता पेनाला टोपण लावलं आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला.