पीण्यातला वजनकाटा

रविवारी नवऱ्याचा कारखाना बंद असायचा, म्हणून माझं वजन रविवारी व्हायचं. बेंगळुरातल्या राजाजीनगरहून त्याच्या स्कूटरवर बसून पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत जायचं, त्याने कुलूप काढून शटर वर करायचं, आणि आठवडाभर ज्या काट्यावर लोखंडाची ओतीव कास्टिंगं तोलली जात त्याच्यावर मी उभं राहायचं. जमिनीवरचा लोखंडाचा कीस तळपायाला टोचायचा. "चप्पल काढ गं, तेवढाच पाव किलो कमी," नवरा म्हणायचा. स्वभावाने तो गरीब. गरीब माणूस छळतो तेव्हा त्याला धड शिव्याही देता येत नाहीत.

लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि मला मूल हवं होतं. इतकं, की शेजारच्या दोरीवर वाळणारी दुपटी दिसली तरी मी ती मोजत उभी राहायची. अंगाने मी भरलेली, माहेरून पुण्याहून आले तीच तशी. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं : दिवस राहायच्या आधी दोघांनी थोडं वजन उतरवा, डाळी, पालेभाज्या, फळं पोटभर खा, रोज चाला, आणि ह्यांनी तंबाखू सोडावी. रिक्षा घरी पोचेपर्यंत त्यातलं 'दोघांनी' गळलं, 'पोटभर' गळलं, तंबाखू तर कॉर्नरलाच उतरली. घरी पोचलं ते फक्त माझं वजन.

सासूबाईंना त्या घरात सगळे आत्ती म्हणत. मूळच्या निपाणीकडच्या, पण उभा जन्म बेंगळुरात गेलेला. माझं ताट त्यांनी आपल्या ताब्यात घेतलं. सकाळी अर्धी भाकरी, रात्री वरणाचं वरचं पाणी. "स्वल्पच खा गे. चरबीत बी रुजत नाही," असं म्हणायच्या आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपुढे माझा दंड चिमटीत धरून दाखवायच्या. त्यात सोमवार, त्यात चतुर्थी. पोटात कावळे ओरडत असायचे आणि नवरा समोर बसून भातावर तूप ओतून घ्यायचा. त्याच्या सदऱ्याचं पोटावरचं बटण कधीपासून लागत नव्हतं. त्याच्या चरबीबद्दल आत्तींना काही म्हणायचं नव्हतं. मी मनातल्या मनात दोघांना जाळायची आणि रविवारी मुकाट काट्यावर चढायची, कारण मूल मला हवं होतं.

काटा उतरत गेला. केस मूठमूठ गळायला लागले, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. आणि मग पाळी चुकली.

घराचा नूरच पालटला. पुरणाची होळगी, वर तूप, दुपारी ओलं खोबरं घातलेला भात. "दोन जिवांची झालीस गे, खा!" आत्ती स्वतःच्या हाताने भरवायच्या. तीन महिने होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, नजर लागते, डॉक्टरीणबाईसुद्धा बाहेरच्याच. मी खाल्लं. लाज सोडून, बोटं चाटून खाल्लं. दुपारी पोटावर हात ठेवून पडायची आणि आत जे कोणी होतं त्याच्याशी बोलत राहायची. इतकी सुखी मी आयुष्यात कधी नव्हते.

तिसरा महिना लागला आणि एका दुपारी रक्त आलं. मी किंचाळले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली, आधी काय खात होते आणि नंतर काय, ते विचारलं. मग म्हणाल्या, "गर्भ नव्हताच. उपासमारीने पाळी बंद झाली होती. पोटभर खायला मिळालं, म्हणून परत आली. चांगलंच लक्षण आहे. आता ताट कमी करू नका."

चांगलं लक्षण! मी इतके दिवस ज्याच्याशी बोलत होते ते पुरण होतं.

घरी आल्यावर नवऱ्याने आईला सगळं सांगितलं. या वेळी त्याने एकही शब्द गाळला नाही. आत्तींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"म्हणजे इतके दिवस ही नुसतीच खात होती?"

रात्री माझ्या ताटात वरणाचं पाणी आलं. मी रडत होते आणि तरी मला भूक लागली होती, त्याची मला फार लाज वाटली.

रविवारी नवऱ्याने स्कूटर काढली आणि खालून हाक मारली. मला अजून मूल हवंच होतं. मी जिना उतरले. चप्पल घरीच काढून ठेवली होती.